सातवा टेकू

डेनिस थर्लो आमच्या कौन्सिलच्या कचेरीत आला तो एका अर्जाची चौकशी करायला. जुन्या घरांचे अर्ज तेव्हा माझ्या टेबलावर यायचे. थॉर्नवेलमधलं त्याचं घर साडेचारशे वर्षांचं, ओकच्या सांगाड्याचं. वरच्या खोलीतला एक तिरका टेकू त्याला काढायचा होता. त्याची नव्वदीची आई, विनी, तिथे झोपायची आणि उठताना रोज त्यावर डोकं आपटायची.

"आठ आठवडे लागतील," मी म्हणालो.

"तोवर ती टेकूला खळगा पाडेल, हॅरल्ड!"

त्याने परवानगीची वाट पाहिली नाही. टेकू कापला आणि शेगडीत घातला. चांगलं लाकूड, आठवडाभर पुरलं.

"मग दंड ठोकलात की नाही, हॅरल्डकाका?" समोर गोष्ट ऐकत बसलेल्या दोघांतल्या जेसने मध्येच विचारलं.

"ठोकायला आधी कळावं लागतं, जेस. कॅलम, तो मोबाइल उलटा ठेव."

अशा घराचा सांगाडा सुतार आधी अंगणात आडवा जुळवून पाहायचे. प्रत्येक लाकडावर आकडा कोरायचे आणि मग त्याच क्रमाने घर उभं करायचे. त्या टेकूवर सात होता.

२०१४, तेरा नोव्हेंबर, गुरुवार. रात्रीचे पावणेबारा. डेनिस खाली कप विसळत होता. बैठकीच्या कोपऱ्यातल्या खांबावर ठोका पडला. लाकडी हातोड्याचा. एकच.

पुढच्या खांबावर दोन.

थंडीत ओक कुरकुरतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. डेनिसने नळ सोडला.

तुळईवर तीन. जिन्याशी चार.

त्याने नळ बंद केला.

वर... पाच. आईच्या दाराशी सहा.

मग काहीच नाही.

"आई?"

...

तो धावत वर गेला. पांघरूण खाली पडलेलं. विनी ताठ उताणी, पाय जुळवलेले, हात अंगालगत. डोळे उघडे.

"हळू बोल, डेनी. माप चाललंय."

"कोण घेतंय?"

"सुतार. म्हणतो, जागा रिकामी आहे, काहीतरी बसवायलाच हवं. मी आखूड पडले."

डेनिसने तिला उचललं. जिना उतरताना ती त्याच्या कानाशी पुटपुटली,

"मग त्याने तुझं विचारलं. मी सांगितलं, आमचा डेनी चांगला सहा फूट आहे."

साडेबाराला दोघं माझ्या दारात. तिच्या पायांत काही नव्हतं, त्याच्या अंगात नुसता सदरा. विनीला मी खुर्चीत बसवलं. हात शेकायला डेनिस शेगडीकडे वळला...

त्याच्या पाठीवर, मानेपासून टाचेपर्यंत, सदऱ्यावरून, विजारीवरून, एकच सरळ रेघ. तांबडी. लाकूड कापण्याआधी सुतार गेरूची दोरी ताणून सोडतो ना... तशी.

मी बोट लावून पाहिलं.

ओली होती.