सहा आसनांची गाडी

जुन्या शहराच्या फरसबंदीला फार भार सोसत नाही, म्हणून सहलीची प्रत्येक विजेची गाडी निघण्याआधी वजनकाट्यावर उभी राहायची. जमिनीत बसवलेला लोखंडी पत्रा आणि बाजूच्या भिंतीवर ताटाएवढी तबकडी. सहा प्रवासी, चालक आणि गाडी मिळून अकराशे किलोच्या आत. तबकडी बघून मगच फाटक उघडायचं.

त्यातल्या एका गाडीची चालक बाई होती; गाडी चालवायची आणि माहितीही सांगायची, ही दोन्ही कामं ती एकटीच करायची. आधी बारा वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेलं, त्यामुळे बाकीचे चालक तिला मास्तरीण म्हणत. शाळा बंद पडली, पण प्रत्येक गोष्ट मोजून टिपून ठेवायची खोड काही गेली नाही.

त्या सकाळी तिच्या परवान्याचा फैसला व्हायचा होता. गाडीतल्या यंत्राने पंधरवड्यात दोनदा जादा भार नोंदवला होता. दोन्ही वेळा बासष्ट किलो, आणि दोन्ही वेळा बुजवलेल्या खिडक्यांच्या गल्लीपासून पुढे. कार्यालयाचं म्हणणं सरळ होतं : बाई वाटेत ओळखीच्या कुणाला तरी चढवते आणि शेवटच्या वळणावर उतरवते. चूक कबूल करून लिहून दिलं तर ताकीद, नाहीतर परवाना रद्द.

“देऊन टाक की लिहून,” मामा म्हणाले. ते सगळ्यात जुने चालक. “आम्ही सगळ्यांनी दिलंय. मी तर दोनदा. तेव्हापासून त्या गल्लीत गाडी घालत नाही, बाहेरून वळसा मारतो. पाहुण्यांना काय, खिडकी इथली काय नि तिथली काय!”

“मामा, तुम्ही चढवलं होतं का कुणाला?”

मामा चहाच्या पेल्यात बघत राहिले. “नाही गं.”

“मग लिहून का दिलंत?”

“पोट आहे, बाई.”

“पोट मलाही आहे. पण जे केलं नाही ते मी लिहून देणार नाही. कार्यालयातल्या साहेबांनीच आज माझ्या गाडीत बसावं. जाताना वजन, येताना वजन.”

साहेब आले ते घड्याळ बघतच. आधी स्वतः, हातातल्या बॅगेसकट, पत्र्यावर उभे राहिले. एकाहत्तर. “घरी सत्तर भरतं, वर बॅगेचा एक. काटा चोख आहे,” म्हणाले, आणि मुद्दाम सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसले, सगळे नजरेसमोर राहावेत म्हणून. त्यांच्या शेजारी एक ऐसपैस बांध्याचे गृहस्थ. पुढच्या दोन बाकांवर एक वयस्क जोडपं आणि दोन मैत्रिणी. तबकडीने एक हजार शहाण्णव दाखवले. तिने आकडा मोठ्याने वाचला, साहेबांनी लिहून घेतला.

वेस झाली, घड्याळाचा मनोरा झाला. ऊन चांगलं वर आलं होतं. मग गाडी गल्लीत शिरली.

दोन उंच भिंती, मध्ये जेमतेम गाडीपुरती वाट. डाव्या भिंतीत एकोणीस खिडक्या, सगळ्या विटांनी बुजवलेल्या. माहितीपुस्तिकेत त्यांच्याबद्दल एकच वाक्य होतं : या का बुजवल्या याची नोंद नाही. तिला ते वाक्य आवडायचं. माहीत नाही ते माहीत नाही, असं सांगणारी पुस्तिका सहसा मिळत नाही.

वाट सपाट होती. मोटरचा वीजप्रवाह अडतीस अँपिअरवर स्थिर होता. नवव्या खिडकीसमोर ओल्या चुन्याचा वास आला, जणू गिलावा आत्ताच लावलाय. मागची स्प्रिंग एकदाच करकरली. प्रवाहाचा आकडा चव्वेचाळीसवर गेला, भार वाढला की चढतो तसा.

“अहो साहेब,” मागून त्या गृहस्थांचा आवाज आला, “आता काय मांडीवर बसता का माझ्या?”

तिने आरशात पाहिलं. साहेब शेजाऱ्याला खेटून बसले होते. बॅग मांडीवर घेतलेली. बाकाच्या कडेला एका माणसापुरती जागा रिकामी.

“साहेब, का सरकलात?”

“मी कुठे सरकलो?” साहेब म्हणाले. त्यांना खरोखरच कळलं नव्हतं.

तिने आकडा लक्षात ठेवला आणि गाडी पुढे काढली.

परत येऊन तिने गाडी पत्र्यावर उभी केली. वाटेत कुणी चढलं नव्हतं, कुणी उतरलं नव्हतं. तबकडीवर अकराशे अठ्ठावन्न.

“काटा बिघडला,” साहेब म्हणाले.

“जाताना चोख होता. उतरा सगळे.”

सगळे उतरले. तीही उतरली. रिकामी गाडी सहाशे चाळीस भरायला हवी होती.

सातशे दोन.

मामा दोन पावलं मागे सरले. ती मात्र पुढे गेली. तिला भीतीपेक्षा राग जास्त आला होता. किती जणांनी माना खाली घालून सह्या केल्या असतील! मागच्या बाकासमोर उभी राहून, वर्गात वापरायची त्या आवाजात ती म्हणाली, “सहल संपली. उतरायचं. तुमच्यापायी इथे माणसं खोटं लिहून देतात.”

काही क्षण काहीच झालं नाही.

मग स्प्रिंग करकरली. काटा थोडा खाली आला, थांबला, पुन्हा खाली आला. आधी एक पाय टेकवावा, मग दुसरा, तसा.

सहाशे चाळीस.

साहेबांनी कागद काढला. “काय लिहू?”

“सहा प्रवासी. सातवा आढळला नाही. जादा भाराचं कारण अज्ञात.”

“अज्ञात असं लिहिता येत नाही हो.”

“येतं. शास्त्रात रोज लिहितात.”

साहेबांनी लिहिलं, सही केली, शिक्का मारला.

“मलाही एक द्या असा कागद,” मामा मागून म्हणाले. आवाज दबका होता, पण ते पुढे आले होते. “एक नाही, दोन.”

तिने गाडी पत्र्यावरून पुढे घेतली. तबकडी शून्यावर आली. साहेब बॅग उचलून पत्र्यावरून पलीकडे, कार्यालयाकडे निघाले. तिने सवयीने आकडा पाहिला.

एकशे तेहेतीस. एकाहत्तर आणि बासष्ट.

“साहेब, थांबा तिथेच! तबकडी बघा.”

“पुरे आता, बाई. कागद मिळाला ना तुमचा?” मान न वळवता ते पत्र्यावरून उतरले.

कार्यालयाचं दार त्यांनी ढकललं, आत गेले, आणि मागून कुणी येत असलं की आपण धरतो तसं, थोडा वेळ ते दार उघडं धरून उभे राहिले.