लाल दिव्याचा पाहुणा

केसांना शाम्पूचा फेस, खांद्यावर टॉवेल, आणि दारात एक अनोळखी तरुण! तो खरं तर शेजारच्या काकूंचं घर विचारायला आला होता. पण हातातली पान्यांची पिशवी पाहिल्यावर मी त्याला सोडते कशाला?

"मोटर दुरुस्त करता ना? आधी माझी बघा. डोळ्यांत फेस जातोय हो!"

तो हसला नाही. फक्त... ओठ घट्ट मिटून घेतले. विहिरीजवळ उकिडवं बसून त्याने स्टार्टर उघडला, सुटलेली वायर आवळली आणि काकूंसाठी आणलेला छोटा डबा माझ्याच मोटरला बसवून टाकला.

"पाणी संपलं की हा मोटर बंद करतो, म्हणजे ती कोरडी चालून जळत नाही. लाल दिवा लागला तर फोन करा."

लाल दिवा लागतच राहिला. तो येतच राहिला. आई गेल्यापासून घरात माझ्याशी बोलणारं कुणी नव्हतं. कामावरून आले की कुलूप उघडल्याचा आवाजसुद्धा मोठा वाटायचा. आता निदान बिघाड तरी होता! मी चहा टाकायची, तो मीटर लावून आकडे बघायचा.

"काय झालंय हिला?"

"रुसलीय."

"कुणावर?"

"ते... तिलाच विचारा." कान मात्र त्याचे लाल झाले.

पण पाण्यावाचून घर कसं चालणार? काकूंकडून बादल्या आणून माझे हात भरून आले. दादा फोनवर म्हणाला, "विहीर आटली असणार. कुलूप लाव आणि आमच्याकडे ये. रविवारी न्यायला येतो." मी हो म्हटलं. एकटीनं हट्ट तरी किती धरायचा? भांडी बांधताना रडू आलं. घर सुटण्याचं दुःख होतंच, पण खरं रडू त्या मेकॅनिकसाठी होतं.

शनिवारी विहीर शेवटची बघावी म्हणून दोरीला दगड बांधून आत सोडला. वर ओढला, तर दोरी अर्ध्याहून जास्त ओली!

तो आल्यावर मी ती दोरी त्याच्यापुढे धरली. "पाणी भरपूर आहे. मग तुमचा डबा मोटर का बंद करतो? खरं सांगा. उद्या मी हे घर सोडून चाललेय."

"सोडून?" त्याच्या हातातला टेस्टर खाली पडला. "अहो... सेटिंग मीच फार कडक ठेवलंय. जरा कुठे खुट्ट झालं की बंद. पहिल्यांदा चुकून झालं. नंतर..."

"नंतर काय?"

"नंतर तुम्ही फोन करायचात."

माझा पारा चढला. "मी इथे बादल्या वाहतेय आणि तुम्ही...! सरळ विचारता येत नव्हतं?"

"काय विचारणार? बिघाड नसताना मेकॅनिकला कोण घरात घेतं?"

त्याने डब्यावरची खुंटी किंचित फिरवली. दिवा हिरवा झाला, टाकीत पाणी धो धो पडू लागलं. तो मान खाली घालून पाने आवरू लागला. आता त्याला यायला कारणच उरलं नव्हतं.

मी दादाला फोन लावला. "येऊ नकोस. पाणी आलंय."

तोवर तो फाटकाशी पोचला होता.

"अहो," मी हाक मारली. "मी अजून रागावलेय. मोटरही आता ठणठणीत आहे... तरी उद्या या."