उलट्या बाजूनं झिजलेला स्क्रू

ही गोष्ट कय्यूमनं कधी रंगवून सांगितली नाही. सांगता सांगता तो दोनदा उठून बाहेर थुंकून आला. रचलेली गोष्ट सांगणारा माणूस असं करत नाही.

गुलाबी बोंडअळीनं कपाशी खाल्ली, ते साल. डिसेंबरची भर दुपार. जळगाव जामोदच्या बाहेरची एक जिनिंग. तिचं नाव इथं घेत नाही.

कय्यूमचं गावात वेल्डिंगचं दुकान. जिनिंगमध्ये कापसातून निघालेली सरकी एका लांब लोखंडी पन्हाळीतून पुढं जाते. त्या पन्हाळीत तेवढाच लांब स्क्रू फिरत असतो. त्याची पाती सरकीला ढकलत नेतात. सरकीबरोबर माती येते, रेती येते, पाती झिजतात. मग कय्यूम त्यांच्यावर कडक रॉडचा थर चढवून देतो. असा भरलेला स्क्रू दोन हंगाम हात लावू देत नाही.

हा आठवड्यात परत आला.

टेम्पोजवळ जिनिंगचे मॅनेजर उत्तमराव नाकाला रुमाल लावून उभे होते.

"कय्यूमभाई, तुमचा थर तर गेला ना."

कय्यूमनं पात्यावर बोट फिरवलं. थर गेला होता खरा...

पण मागच्या बाजूनं.

सरकी लागते ती पुढची बाजू. ती नव्यासारखी होती. मागची बाजू, जिला काहीच लागत नाही, ती मात्र गुळगुळीत झाली होती. गोठ्यात टांगलेला मिठाचा खडा जनावरं चाटून चाटून करतात, तशी.

"हे उलटं झिजून राह्यलं, उत्तमराव. असं होत नाई."

"आळ्यांनी होत असन. पन्हाळीत नुसता लगदा झाला. तुम्ही भरा ना."

पात्यांच्या सांदीत तो लगदा बसला होता. चेचलेल्या आळ्या. गुलाबी, चिकट, मध्ये मध्ये काळी टिकली एवढी डोकी. कय्यूमनं पत्र्यानं खरवडायला घेतला...

लगदा कोमट होता.

त्यानं दोन्ही बाजूंनी थर भरला. धूर नाकात गेला, तो लोखंडाचा नव्हता. जळलेल्या केसांसारखा, आणि त्यामागं काहीतरी गोडसर. त्या रात्री बायकोनं, बिलकिसनं, वाढलेलं कालवण त्याला गिळवलं नाही.

चार-पाच दिवसांनी उत्तमरावांचा फोन आला. स्क्रू पुन्हा गेला होता. पण आता काढून आणायला सवड नव्हती, कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर उभ्या होत्या.

"इथंच येऊन भरा, भाई. जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद असते."

कय्यूम गेला. मजूर झाडाखाली भाकरी खात होते. आत सामसूम. हवेत कापसाचे तंतू तरंगत होते.

त्यानं आधी मोटरचा पट्टा स्वतःच्या हातानं उतरवला आणि जमिनीवर टाकला. मग पन्हाळीचं झाकण उघडलं.

वासानं त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

पन्हाळ अर्धी भरली होती. सरकी कमी, आळ्या जास्त. काही अजून वळवळत होत्या. त्यानं हातमोजा घातला आणि उपसायला सुरुवात केली. मोज्याची दोन बोटं फाटकी होती.

खर्रर...

तो थांबला.

खर्रर... खर्रर...

स्क्रू फिरत होता. हळूहळू. उलटा.

कय्यूमनं वळून पाहिलं. पट्टा जमिनीवर तसाच पडला होता. मोटर गप्प होती.

हात काढायचं त्याला सुचलं, तोवर लगद्याखाली काहीतरी सरकलं. ऊन. ओलं. खरबरीत. ते त्याच्या उघड्या बोटांना लागलं...

ते जे काही होतं, त्यानं हात धरला नाही. ओढला नाही.

चाटला.

सावकाश, मुळापासून टोकापर्यंत. मग पुन्हा.

हात कसा सुटला ते त्याला आठवत नाही. तो भिंतीला टेकून उभा होता आणि दारात गीताबाई होती. पन्हाळीतली अडकलेली सरकी हातानं ओढायचं काम तिचं. ती भाकरी चावत शांतपणे म्हणाली, "चाटलं काय, भाऊ?"

कय्यूम बोटं पँटला पुसत राहिला.

"मले रोजच चाटते." तिनं तळहात पुढं केला. त्यावर एकही रेघ नव्हती. नुसती तुळतुळीत, गुलाबी कातडी. "दुखत नाई. वास तेवढा जात नाई."

"इथं कोणी मेलं होतं काय, बाई?"

"नाई बा. बारा वर्सं झाली मले. एक बोट बी गेलं नाई कोणाचं."

"मंग काम काऊन नाई सोडत?"

"लेकरं काय खातीन?"

कय्यूमनं स्क्रूला थर दिला नाही. त्यानं पन्हाळीचं झाकण बंद केलं आणि कडेनं सगळं वेल्डिंग मारून टाकलं. पुन्हा कोणाचा हात आत जायला नको. शिवण पुढं सरकत होती, लोखंड लाल होत होतं...

आणि आतून, जिथं जिथं लोखंड तापत होतं तिथंच, आवाज येत होता.

लप... लप... लप...

शेवटचा टाका मारून तो बाहेर आला आणि फाटकापाशी भडाभडा ओकला. उत्तमराव आरडाओरडा करत आले. त्यांनी झाकणावर हात ठेवला, आतला आवाज ऐकला आणि खाली बसले. आठ दिवसांत ती पन्हाळ तशीच्या तशी उपटून काढली गेली. तिच्या जागी सरकी वाहून नेणारा पट्टा बसला. गीताबाई आता फाटकापाशी गाड्यांच्या पावत्या घेते. पन्हाळ कुठं नेली, ते उत्तमराव सांगत नाहीत.

एवढ्यावर संपलं असतं तर बरं.

पुढच्या पावसाळ्यात रेशन दुकानातल्या ठशाच्या मशीननं कय्यूमचं बोट घेतलं नाही. दुकानदार म्हणाला, "वेल्डिंगवाल्यांचं असंच होते." तेव्हा दोनच बोटं गुळगुळीत होती. आता गुळगुळीतपणा तळहाताच्या मध्यापर्यंत आला आहे.

परवा बिलकिसनं विचारलं, "रात कू ये हात खटिया के नीचे काय कू लटकाते तुम? सुबह पूरा गिल्ला रहता."

हल्ली कय्यूम तो हात रुमालानं छातीशी बांधून झोपतो. घट्ट, दुहेरी गाठ मारून.

सकाळी गाठ सुटलेली असते...

आणि हात खाटेखाली.