आधीच दिलेला निरोप

उन्मेष शिर्के मला पहिल्यांदा भेटला तो त्याच्याच निरोप समारंभात, आणि त्या दिवशी तो कुठेही जाणार नव्हता.

खरं तर मी तिथे असायचं काही कारण नव्हतं. मी पद्मजा, कॉलेजात मराठी शिकवते, आणि निरोपाच्या वाङ्मयावर प्रबंध लिहिते आहे हे गावभर झालंय. त्यामुळे रत्नागिरीत कुणी निवृत्त झालं, कुणाची बदली झाली, की भाषण लिहून घ्यायला लोक माझ्याकडे येतात. मी लिहून देते. जाणाऱ्या माणसाला मी ओळखत नसते, त्यामुळे भाषण फार हृद्य होतं.

त्या दिवशी भाषण न्यायला बँकेचा शिपाई रघू येणार होता, तो आला नाही. शेवटी मीच आषाढातला पाऊस अंगावर घेत हॉलवर गेले. दारात एक उंच तरुण छत्री झटकत उभा होता. कागद त्याच्या हातात देऊन मी विचारलं, ज्यांना निरोप द्यायचाय ते शिर्के आले का.

"आलेत," तो म्हणाला. "पण ते जात नाहीयेत. बदली सकाळीच रद्द झाली."

"मग हा समारंभ?"

"हॉल घेतलाय, शाल आणलेय, मोदक उकडायला लागलेत. आमचे बापटसाहेब म्हणाले, आज ना उद्या जाणारच आहेत, देऊन टाकू निरोप." मग छत्री मिटत तो जरासा हसला. "मीच शिर्के."

रत्नागिरीचा माणूस ठरलेली गोष्ट वाया घालवत नाही. बापटांनी माझं भाषण शब्द न् शब्द वाचलं. 'त्यांच्या जाण्याने निर्माण होणारी पोकळी' असं आलं तेव्हा पोकळी शाल पांघरून समोरच बसली होती. प्रत्येक विशेषणाला तो मान वळवून माझ्याकडे बघायचा... आणि मी मोदकाकडे.

पुढच्या आठवड्यात तो कॉलेजात हजर. म्हणाला, तुमच्या भाषणाने माझी पंचाईत केलीय. मी सदा हसतमुख असतो असं तुम्ही लिहिलंत, आता काउंटरवर वैतागताही येत नाही. शिवाय रस्त्यात जो तो विचारतो, अजून इथेच? मासळीवाली गोदा तर पापलेट तोलता तोलता म्हणाली होती, "तुमाला निरोप दिलानी ना हो? मग?" जणू शाल घेऊन हा पळून जायचा राहिला होता.

"माफी मागायला हवी का मी?" मी विचारलं.

"नको. एक पत्र वाचून द्या."

त्याचे पणजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याकडे गेले होते. त्यांची मोडीतली पत्रं आंजर्ल्याच्या घरात एका पेटीत होती. घरात कुणाला मोडी येत नव्हती, मला येत होती, आणि माझ्या प्रबंधात सैनिकांच्या पत्रांचं एक अख्खं प्रकरण होतं. पेटीच घेऊन या, असं मी म्हटलं. तो दर शनिवारी एकच पत्र घेऊन यायला लागला.

"सगळी एकदम आणली तर एका दिवसात वाचून होतील," मी एकदा म्हटलं.

"म्हणूनच," तो म्हणाला – आणि खिडकीबाहेर बघत बसला.

ग्रंथालयाच्या उघड्या खिडकीशी आम्ही बसायचो. मी अक्षर लावायची, तो वहीत उतरवून घ्यायचा. पागोळ्यांचं पाणी वहीवर उडालं की तो हाताने आडोसा करायचा. तो हात कागदासाठी होता हे मला कळत होतं. तरी तो माझ्या हाताशेजारी आला की माझी ओळ चुकायची.

माझा सिद्धान्त मी त्याला तिथेच सांगितला. कथाकादंबऱ्यांतली माणसं निरोप घेताना दारातून तीनदा मागे वळतात, ते वाचकासाठी. पुढाऱ्यांचं त्याहून सोपं. 'आता मला रजा द्या' म्हणून हात जोडून तासभर बोलतात, सभा रडते, आणि पुढच्या निवडणुकीला तेच पुन्हा उभे. भाषण जितकं लांब, तितका परत येण्याचा बेत पक्का. खरं जाणारा माणूस निरोपाचा शब्दच काढत नाही. सैनिकांची शेवटची पत्रं काढून बघा. त्यांत कौलं परतून घ्या, म्हशीला चारा वेळेवर घाला, असलंच काहीबाही असतं.

"म्हणजे साधं बोलणाऱ्यापासून सावध राहायचं," तो म्हणाला.

"मी कुणापासूनच सावध नसते. मी फक्त अभ्यास करते."

"ते दिसतंच," असं म्हणून त्याने माझ्या केसात अडकलेलं वाळकं पान काढलं, नीट बघितलं, आणि वहीत ठेवून दिलं.

असे आठ महिने गेले. फाल्गुनात आंब्याला बाठ धरायला लागली आणि त्याच्या बदलीचा हुकूम खराखुरा आला. गुवाहाटी. सोमवारी निघायचं.

बँकेत समारंभ झाला नाही. मी बापटांना रस्त्यात गाठून विचारलं, तर ते म्हणाले, "अहो मॅडम, एका माणसाला दोनदा निरोप कसा देणार? शाल झाली, श्रीफळ झालं, तुमचं ते पोकळीचं भाषणही झालं." त्यांचं म्हणणं रास्तच होतं. गावाच्या लेखी उन्मेष केव्हाच गेला होता. त्याला जाऊ न देणारी मी एकटीच उरले होते, आणि मी तसं कुणाला सांगितलं नव्हतं, त्यालाही नाही. गावभरच्या बदल्यांना मी भाषणं लिहिली होती. या बदलीला मला एक ओळ सुचत नव्हती. मला तो जायला नको होता, एवढंच होतं, आणि ते कागदावर फार तोकडं दिसत होतं.

शनिवारी तो शेवटचं पत्र घेऊन आला. मी वाचलं. पणजोबांनी लिहिलं होतं, 'विहिरीकडच्या फणसाला यंदा भार फार येईल, उजव्या फांदीस टेकू द्यावा.' खाली सही. त्यानंतर ते आलेच नाहीत.

"टेकू दिला होता का?" मी विचारलं.

"फांदी अजून आहे," तो म्हणाला. मग वही माझ्याकडे सरकवली आणि उठला. "या खिडकीची कडी सैल झालीय, ओढून लावत जा. आणि स्कूटरच्या मागच्या चाकात हवा कमी आहे. भाट्याच्या पुलावर वारा असतो, सावकाश जा."

मी मान डोलावली. तो पायऱ्या उतरून फाटकाकडे गेला. मागे वळला नाही. मी कडी ओढून लावली... आणि ती ओढताना मला कळलं, आपल्याला काय सांगून गेला तो.

पुढचं मी फारसं विचार करून केलं नाही. कमी हवेची ती स्कूटर डुगडुगत रस्त्यावर काढली आणि वळणावर त्याच्या पुढ्यात आडवी घातली. तो दचकला.

"तुम्ही मला चाकाबद्दल सांगितलंत," मी म्हटलं.

"हवा कमी आहे म्हणून."

"माझ्या प्रबंधाप्रमाणे हा खरा निरोप आहे. मला तो नकोय." माझा आवाज कापत होता, आणि वर्गात तो कधीच कापत नाही. "मला पुढाऱ्यांचा द्या. लांबलचक. हात जोडून. पुन्हा उभा राहणाऱ्या माणसाचा द्या."

समोरच्या कुंपणावरून पिकलेल्या काजूचा वास येत होता. मग त्याने पिशवी खाली ठेवली, हात जोडले, घसा साफ केला.

"जमलेल्या बंधू आणि भगिनींनो –"

"भगिनी वगळा."

"वगळली," तो म्हणाला, आणि आता त्याचाही आवाज धड नव्हता. "मी आजपासून रत्नागिरीच्या सार्वजनिक जीवनातून निवृत्त होत आहे. मोडी मला पावसाळ्यातच यायला लागली होती, तरी मी मूर्खासारखा दर शनिवारी पत्रं वाचून घ्यायला येत राहिलो. कारण मला पद्मजा आवडते. ती अभ्यास करते म्हणून मी बोललो नाही. जनतेच्या आग्रहाखातर गणपतीत मी पुन्हा उभा राहीन... तुमच्या दारात, आईला घेऊन. मत द्याल?"

"एकाच मताने निवडून येशील," मी म्हटलं. 'तू' कधी म्हणायला लागले ते माझं मलाच कळलं नाही. "मलाही तू आवडतोस. भाषण चालू ठेव."

मागचं चाक एव्हाना पार बसलं होतं. स्कूटर ढकलत आम्ही मारुती मंदिरापर्यंत चालत गेलो. पंक्चरवाल्याचं दुकान आलं तेव्हा तो भाषणात आपल्या अल्प सेवेच्या दुसऱ्या महिन्यापर्यंतच पोहोचला होता.