फितीवर नसलेलं नाव

पिंपळगाव राजात बेबीताईच्या कानांची ख्याती होती. चुलीपुढं बसल्या बसल्या ती वेशीतून कोणाची बैलगाडी आली ते सांगायची, आणि कणगीला कान लावून ज्वारीला किडा लागला की नाही तेही. नवरा ऐन तरुणपणी गेला तेव्हा माहेरी आली, ती धाकट्या भावाच्या घरातच राहिली. भाऊ माणिकराव. जमीन बरी, डोकं बरं, पण एका बाबतीत वेडा. गावातले लोक विहिरीवर इंजिन बसवत होते तेव्हा हा गडी खामगावच्या मोतीरामच्या दुकानातून रेडिओ, रेकॉर्डप्लेअर, भोंगे घेऊन यायचा. शेवटी एडनहून परतलेल्या कोणाकडून त्यानं जर्मन बनावटीचा टेपरेकॉर्डर मिळवला. दोन मोठ्या चकत्या, मधून सरकणारी तपकिरी फीत. अख्खं गाव बघायला लोटलं होतं.

नवीन वस्तू घरात ठेवायची की परत करायची याचा निवाडा बेबीताईचा. ती भिंतीकडं तोंड करून मेथी निवडत बसायची, आणि माणिकराव मागं खटका दाबून जुनं आणि नवं आलटून पालटून वाजवत विचारायचा, "पह्यला का दुसरा?"

"दोन्ही सारखेच. वापस कर."

"नीट ऐक ना, ताई."

"नीटच ऐकलं. तुह्या डोळ्याले नवी पेटी दिसते, मले दिसत नाई, म्हणून मले खरं आइकू येते."

दारात उभी असलेली रुख्मिणी, माणिकरावाची बायको, तोंडाला पदर लावून हसायची. आणि तो खरंच परत करायचा. उगाच नवं म्हणून काही घेणारा तो नव्हता. फरक पडतो का, एवढंच त्याला कळायला हवं असायचं.

त्या वर्षी संक्रांतीला रुख्मिणीनं घरी हळदीकुंकू केलं. माणिकरावानं माजघरात खुंटीला माइक टांगला, यंत्र चालू केलं, आणि ओट्यावर पुरुषांत जाऊन बसला. बेबीताई स्वयंपाकघरात दुधापाशी. हळदीकुंकवाच्या बैठकीत तिला जागा नव्हती, आणि त्याचं तिला आता काही वाटतही नव्हतं.

तिळगूळ झाला, वाण झालं, मग बायकांनी रुख्मिणीला धरलं. नाव घ्या, नाव घ्या! लग्नाला नऊ वर्षं होऊनही रुख्मिणीनं नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. उखाण्यातसुद्धा नाही. तिच्या आईनं कधीतरी भर शेतात नवऱ्याला नावानं हाक मारली आणि दिवेलागणीच्या आत तो गेला, हे तिच्या मनात पक्कं बसलेलं. माणिकरावाला मात्र ते लागायचं. इतरांच्या बायका चारचौघांत लाजत का होईना नाव घेतात, मग आपलीच काऊन नाही?

माजघरातून रुख्मिणीचा आवाज आला, "तिळाले गोडी गुळाची, कापसाले ऊब..." आणि मग हशाचा कल्लोळ. पुढच्या क्षणी रुख्मिणी बेबीताईशेजारी चुलीपाशी येऊन बसली होती.

"पुढचं काऊन नाई घेतलं वो?"

"नाई जमत, ताई. त्यायच्या जिवापेक्षा नाव मोठं हाय का?"

"मी तर माह्या नवऱ्याचं नाव जन्मात घेतलं नाई. तरी गेलाच ना?" बेबीताई म्हणाली. रुख्मिणीनं मान हलवली, पण ती उठली नाही. बायका पांगेपर्यंत तिथंच बसून राहिली.

पुढच्या पावसाळ्यात कावीळ झाली आणि रुख्मिणी गेली. पोरबाळ नव्हतं. मागं राहिली ती फीत.

सुरुवातीला माणिकराव ती रोज दुपारी लावायचा. दुपारीच, कारण गिरणीवाला जेवायला गेला की गिरणी थांबायची आणि गावाची वीज एकसारखी, कमीजास्त न होता यायची. चकत्या फिरायच्या. बायकांचा गलका, बांगड्या, रुख्मिणीची अर्धी ओळ, मग शेजारच्या केसरबाईचं छप्पर उडवणारं हसणं आणि कल्लोळ.

एक दिवस तो म्हणाला, "ताई, तिनं घेतलं हाय. या गलक्याच्या खाली हाय माहं नाव. या डबड्या भोंग्यातून निघत नाई, एवढंच."

बेबीताईचा जीव कळवळला. पण खोटी आशा लावायची तिची रीत नव्हती. "नाई घेतलं, माणिक. तवा ती माह्यापाशी होती, चुलीजवळ."

"आधी घेतलं असंल. मग आली असंल."

बेबीताई चुलीत फुंकर घालायला वळली.

मोतीरामनं त्याला समजावलं होतं, ते माणिकरावानंच घरी येऊन सांगितलं. फितीवर जे आहे तेच चांगला भोंगा स्वच्छ ऐकवतो. नाही ते कुठलाच भोंगा बोलणार नाही. शिवाय फीत वाजवली की थोडी थोडी झिजते. माणिकरावानं यातून आपल्याला हवं तेवढं उचललं. फीत झिजते, म्हणजे आता रोज वाजवायची नाही. आधी यंत्र सुधारायचं, मग एकदाच ऐकायचं.

बैलजोडी विकली गेली आणि आवाज मोठा करणारा वेगळा अँप्लिफायर आला. काचेच्या दिव्यांचा, तापल्यावर मंद लाल होणारा. सुतारानं सागवानी पेटी केली, तिच्यात माणिकरावानं स्वतःच्या शेतातला कापूस सरकी काढून, हातानं पिंजून भरला. पेटी घुमू नये म्हणून. बेबीताई मेथीची जुडी घेऊन भिंतीकडं तोंड करून बसली.

फरक होता. जमीन-अस्मानाचा होता. स्वयंपाकघरात दूध वर येतानाची सळसळ तिला ऐकू आली, कोणाचा तरी खोकला ऐकू आला, आणि क्षणभरानं कळलं, तो आपलाच, त्या दिवशीचा. अंगावर काटा आला, पण तो आनंदाचा. "ठिव," ती म्हणाली. "हे चांगलं हाय."

मग हातातली जुडी तशीच राहिली. अर्धी ओळ होऊन गेली होती आणि केसरबाई हसलीच नव्हती.

"केसरबाईचं हसू कुठं गेलं रे?"

माणिकरावाचे डोळे चमकले. "पाह्यलं? गलका कमी होऊन राह्यला. आता अजून एक पायरी."

ती पायरी म्हणजे हेड. फीत ज्या धातूच्या तुकड्यावरून घासत जाते तो. मोतीरामनं मुंबईहून मागवून दिला. माणिकराव आता जेवायला बोलावल्याशिवाय उठत नव्हता, दाढी करत नव्हता. बंद यंत्रापुढं खुर्ची टाकून बसायचा आणि पुटपुटायचा. बेबीताई चुलीपाशी सगळं ऐकायची. "एकदा घे रुख्मे. एकदाच. मी दुसरं काई मागत नाई तुले." याला जगवायचं कसं, एवढी एकच चिंता तिला उरली होती.

नवं हेड बसवलं त्या दुपारी बेबीताई मेथी निवडायला बसली नाही. नुसतीच भिंतीकडं तोंड करून बसली.

बायका नव्हत्या.

एकही नव्हती. बांगड्या नाहीत, गलका नाही, दुधाची सळसळ नाही. रिकाम्या माजघरात रुख्मिणी एकटी होती, अगदी माइकजवळ, आणि तिचा श्वास चढत होता. "तिळाले गोडी गुळाची," ती म्हणाली, "कापसाले ऊब..." आणि थांबली. चुलीकडं जाणारी पावलं वाजली नाहीत. ती तिथंच उभी होती. मग मागून कोणीतरी बोललं. पुरुषाचा आवाज होता, खालचा, खरबरीत.

"एकदा घे रुख्मे. एकदाच. मी दुसरं काई मागत नाई तुले."

रुख्मिणी रडायला लागली. फीत संपली.

"कोन हाय हा?" माणिकराव उठून उभा राहिला होता. चेहरा पांढराफटक. "बायकांच्या बैठकीत कोन मानूस घुसला होता, ताई? माह्या बायकोले रुख्मे म्हणनारा कोन हाय हा?"

आपला आवाज बाहेरून ऐकला तर माणसाला ओळखू येत नाही, हे बेबीताईला ठाऊक होतं. तिचाही खोकला तिनं आधी दुसऱ्या कोणाचा समजला होता. पण याला लहानपणापासून ऐकलेलं. तिची चूक होणं शक्य नव्हतं.

"तूच हायस तो," ती म्हणाली.

"मी ओट्यावर होतो! भगवंतराव बाजूलेच बसला होता, त्याले इचार. मी संध्याकाळलोक उठलो नाई."

"संक्रांतीचं नाई म्हणत मी. हे तू या खुर्चीत बसून बोलला. गेल्या बाजाराच्या दिवशी. मी भाकरी थापत होती."

तो तिच्याकडं बघत राहिला, आणि मग हसला. इतकं करुण हसणं बेबीताईनं आयुष्यात पाहिलं नव्हतं. "फितीवर नाई ते वाजत नाई, ताई," तो म्हणाला.

त्या रात्री तिनं फितीची चकती उचलून कणगीत ज्वारीखाली पुरली. जाळणार होती, पण हात होईना. रुख्मिणीचा आवाज जगात दुसरीकडं कुठंच नव्हता. माणिकरावानं घर पालथं घातलं नाही की शिव्या दिल्या नाहीत. त्यानं फक्त जेवण सोडलं. पाणीसुद्धा सोडलं तेव्हा बेबीताईनं चकती काढली, पदरानं पुसली आणि त्याच्या उशापाशी ठेवली. दोन्हीकडून मरणच. निदान खाऊन तरी मरू दे, असं काहीसं तिच्या मनात आलं, आणि त्या विचारानं ती स्वतःच दचकली.

तो रोज दोन घास खाऊ लागला. मग मुंबईहून भोंगे आले. शेगाव स्टेशनावर उतरवले, भाड्याच्या बैलगाडीतून घरी आणले. माणसाच्या छातीएवढे उंच. ते माजघरात उभे केले तेव्हा कोणी दोघं पाहुणे दाराशी येऊन थांबल्यासारखं वाटलं.

"बस, ताई. हे शेवटचं. याच्यावर काई नाई. जुना का नवा, एवढं सांग."

ती भिंतीकडं तोंड करून बसली. गिरणी थांबली. चकत्या फिरू लागल्या.

आधी जुनी पेटी. श्वास. रडणं.

मग खटका.

रुख्मिणी बेबीताईच्या मागं उभी होती. तिच्या जोडव्यांचा फरशीवरचा बारीक आवाज, तिनं गिळलेला आवंढा, आणि तोंडावर गच्च दाबलेल्या हाताच्या आडून येणारे शब्द. "नका ना वो. नाव घ्यायले नका लावू मले."

बेबीताईनं वळून पाहिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती खोटा निवाडा बोलली.

"काई फरक नाई. वापस कर."

मागं खुर्ची करकरली.

"जा ताई," माणिकराव हळूच म्हणाला. "माह्यासाठी चहा ठिव."

"माणिक, तुह्या पाया पडते. बंद कर ते."

"चहा ठिव. प्यायचा हाय मले. पोटभर."

कितीतरी दिवसांनी त्यानं काही मागितलं होतं. ती उठली. आधण ठेवलं, गूळ टाकला, दूध ओतलं. भिंतीपलीकडं तो बोलत होता आणि त्याच शब्दांत भोंगे बोलत होते. कोण आधी आणि कोण मागून, तिच्या तिखट कानांनाही कळत नव्हतं.

"एकदा घे रुख्मे."

"एकदा घे रुख्मे."

मग रुख्मिणीनं तोंडावरचा हात काढला.

"तिळाले गोडी गुळाची, कापसाले ऊब, माणिकरावांचं नाव घेते, आग्रह झाला खूब."

स्वच्छ. कापसासारखं मऊ, घंटेसारखं स्वच्छ. चहा कपात ओतताना बेबीताईचा हात हलला नाही. चला, ऐकलं एकदाचं, असं तिनं स्वतःला बजावलं. आता नीट जेवेल. आता दाढी करेल.

ती कपबशी घेऊन माजघराच्या उंबऱ्यापाशी आली.

माणिकराव खुर्चीत बसला होता, पाठमोरा. मान एका बाजूला कललेली, जुन्या सवयीप्रमाणं, नीट ऐकताना कलायची तशी. खटक्यावरचा हात खाली लोंबत होता.

फीत अजून फिरत होती.

भोंग्यांतून पावलं आली. अनवाणी, जड, उंबऱ्यापाशी थांबणारी. मग चिनी मातीची कपबशी फरशीवर फुटल्याचा आवाज. मग एका बाईनं फोडलेला हंबरडा, "माणिक! माह्या माणिका!"

आपला आवाज बेबीताईनं या खेपेला लगेच ओळखला.

कपबशी अजून तिच्या हातात होती.