झाकणाच्या आतलं नाव

रोहिदास आला होता धाकट्या बहिणीच्या साखरपुड्याच्या पत्रिका छापून घ्यायला. हातात मजकूर, एक पाय उंबऱ्याबाहेर, आणि कान मात्र थेट मशीनकडे.

"ती दांडी सोडत न्हाई," तो म्हणाला. ना नमस्कार, ना कागदाची चौकशी.

मिनलने शाईचा हात चिंधीला पुसला आणि त्याला नीट पाहून घेतलं. पिंपरीच्या बाजारामागच्या गल्लीतल्या 'ढवळे ऑफसेट'मध्ये मशीन चालू असलं की माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही. आणि चाकणजवळच्या निघोजे गावच्या ह्या गड्याला सोलेनॉइडची टक् जराशी उशिरा वाजलेली ऐकू आली होती. तिला ती दोन वर्षं ऐकू येत होती. आजवर तिला वाटायचं, ऐकणारी आपण एकटीच.

तो चाकणला एका कंपनीत मेंटेनन्सला होता. दिवसभर असलेच आवाज ऐकायचा.

दुखणं सांगायला सोपं होतं. कागद आला की सोलेनॉइडने, म्हणजे विजेवरच्या चुंबकाने, लोखंडी दांडी आत ओढायची, मग छाप बसते. कागद थांबला की दांडी सोडायची. हा सोलेनॉइड सोडायचा नाही. मग शाई भलत्याच रुळावर जायची आणि पुढचे दहा कागद पाठीवर काळे. मिनलचा उपाय म्हणजे लाकडी हातोडीची एक टिचकी... नेमक्या जागी, नेमक्या क्षणी. दुसऱ्या कुणाला ती जमत नाही याचा तिला गर्व होता, आणि रोज मारावी लागते याची थोडी लाजही.

तिच्या वडिलांनी, अर्जुनरावांनी, मात्र ठरवून टाकलं होतं. शुक्रवारी भंगारवाला येऊन मशीन नेणार. लातूरहून येऊन त्यांनी ते उभं केलं तेव्हा मिनल जन्मलीही नव्हती. "माझ्यामागं ह्याला सांभाळणार कोण?" असं ते चारचौघांत विचारायचे, आणि दहा वर्षं ते मशीन चालवणारी लेक शेजारी उभी असायची.

त्यांचा एक रिवाज होता. मशीनच्या बाजूच्या झाकणाच्या आत, पांढऱ्या ऑइलपेंटने, प्रत्येक मोठ्या दुरुस्तीची तारीख आणि मिस्त्रीचं नाव. एकोणीस नावं झाली होती. मिनलने किती वेळा ते मशीन उघडून परत जोडलं होतं, पण घरच्या माणसाचं नाव कोण लिहितं!

मंगळवारी पहिली शिफ्ट सुटल्यावर रोहिदास पुन्हा आला. प्रूफ बघायला, म्हणाला. बॅगेतून निघाला मीटर. पत्रिका ह्याच मशीनवर छापायच्या, असा त्याचा हट्ट. त्याने छातीठोकपणे कॉइल बदलली... दांडी जागची हलली नाही.

"कंपनीतही असंच छातीठोक चुकता का?" मिनलने विचारलं.

"कंपनीत असं टक लावून कुणी बघत न्हाई," तो म्हणाला. आणि त्याचे कान लाल झाले.

बुधवारी त्याने दांडी काढून पुसली. आजवर ज्या मिस्त्रीला काही सुचलं नाही, त्याने दांडीच्या भोकात तेल सोडलं होतं. कागदाची धूळ बसून त्याची पार चिक्की झालेली. स्पिरिटने धुतल्यावर दांडी कशी सुरेख सरकायला लागली! पाचशे कागद चालले आणि... परत अडकली.

एव्हाना मिनलच्या एक गोष्ट लक्षात आली होती. बाकीचे मिस्त्री तिला पहिल्याच मिनिटाला ताई करून टाकायचे. हा मात्र वाक्यं अशी काही वळवायचा, की तिला हाक मारायची वेळच येऊ नये. "तो पाना द्या." "बॅटरी इकडं धरा." बस.

गुरुवारी त्याने मीटर खाली ठेवला. करंट तुटतोय, तरी दांडीला धरून ठेवतंय, म्हणाला. मग सरळ कबूलच केलं, "मला न्हाई जमलं."

कुठल्याच मिस्त्रीने हे वाक्य तिच्यासमोर म्हटलं नव्हतं.

"थांबत थांबत चालवलं तर सुटते ती," मिनल म्हणाली. "सलग चालवलं की धरते."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "हे मी पहिल्या दिवशीच विचाराया पायजे हुतं." मग त्याने समजावलं. लोखंडाला लोखंड घट्ट टेकून राहिलं, की करंट गेल्यावरही थोडं चुंबक उरतं. मधे पातळसं पितळ लागतं. ते इथे नाहीच.

मिनलने बॅटरीचा उजेड भोकात धरला. तळाला एक पुसट गोल वळ होता, कधीकाळी तिथे काहीतरी बसत असल्याचा. एवढाच गोल ती रोज सकाळी हातात धरायची... तिने खिळ्यावरची शटरची किल्ली काढली. किल्लीला पितळेचा वॉशर होता. दोन वर्षांपूर्वी एका मिस्त्रीचं काम झाल्यावर तो उरला, आणि अर्जुनरावांनी 'एक्स्ट्रा आहे' म्हणून किल्लीत अडकवला होता.

तिने तो काढून आत सोडला. नेमका बसला.

मग तीन हजार कागद सलग गेले. हातोडी टेबलावरच पडून राहिली. शेवटचा कागद गेला आणि — टक्. वेळेवर. दारात येऊन उभ्या राहिलेल्या अर्जुनरावांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. मशीन नवं असताना हा आवाज यायचा, एवढंच ते म्हणाले, आणि रंगाचा डबा काढून ब्रश रोहिदासच्या हातात दिला.

रोहिदासने भिंतीला टेकवलेल्या झाकणावर तारीख घातली. खाली लिहिलं, मिनल अर्जुनराव ढवळे.

अर्जुनरावांनी चष्मा लावून ते वाचलं. मग मोठ्याने, दोनदा. लगेच भंगारवाल्याला फोन. "उद्या येऊ नका. मशीन द्यायचं नाही. सांभाळणारं माणूस आहे घरात." आणि हातात कप असतानाच चहा सांगायला बाहेर गेले.

मिनलने पत्रिकांची प्लेट चढवून मशीन सुरू केलं. मग रोहिदासच्या हातातला ब्रश घेऊन आपल्या नावाखाली लिहिलं — ऐकलं : रोहिदास, निघोजे.

"चार दिवसांत मला एकदाही ताई म्हणाला नाहीत," ती मोठ्याने म्हणाली. मशीनपुढे मोठ्यानेच बोलावं लागतं.

"मुद्दाम. एकदा म्हणलं की माघारी घेता येत न्हाई."

ब्रशवरचा रंगाचा एक थेंब तिच्या चपलेवर पडला.

"मग काय म्हणायचं ठरवलंय?"

त्याने झाकणाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आणि त्या एवढ्या खडखडाटात, अगदी हळू, तिचं नाव घेतलं.

तिला स्पष्ट ऐकू आलं.