घरी येणारे डॉक्टर

दवाखान्याच्या कँटीनमध्ये डॉक्टरीणबाईंच्या आजोबांचे किस्से हमखास रंगायचे. आजोबांनी जन्मात औषधाची गोळी गिळली नाही आणि घरात कुणाला गिळू दिली नाही. डॉक्टरांनी दिलेली पुडी ते त्यांच्या देखत खिशात घालायचे आणि त्यांची पाठ वळली की कोंबड्यांपुढे रिकामी करायचे. कोंबड्या ठणठणीत होत्या. "आमच्या घरची सर्दी झालेली कोंबडी दाखवा आणि बक्षीस मिळवा," असं बाई म्हणायच्या, आणि लहान मुलांच्या वॉर्डात जागून डोळे चुरचुरणारे सहकारी चहाच्या कपात तोंड घालून हसायचे.

खरी बहार यायची ती गादीच्या गोष्टीला. घरात कुणी तापाने फणफणलं की आजोबा त्याच्या अंगाखालची गादी ओढून काढायचे, अंगणात कुंपणाच्या आडव्या वाशावर टाकायचे आणि सोटा घेऊन तिला झोडपायचे. नुसतं झटकणं नव्हे. चोर सापडल्यावर चार जण मिळून मारतात तसं मारणं. दुखणं गादीत उतरतं आणि मार खाल्ल्याशिवाय तिथून हलत नाही, हे त्यांचं वैद्यकशास्त्र. ते दमले की सोटा मुलांकडे यायचा. बाई तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या असतील. दोन्ही हातांनी सोटा उचलून, दातओठ खाऊन हाणायच्या. शिवण उसवून कापूस उडायचा, गोठ्यातल्या गाई माना वळवून बघायच्या, आणि आतलं आजारी पोर खिडकीतून ओरडायचं, "अजून हाण, ताई!" एवढं निर्भेळ सुख पुढे कशातच मिळालं नाही, असं बाईंना अजून वाटायचं. मारताना नियम एकच होता. उशीकडची बाजू सोडायची. का, ते कुणी विचारलं नव्हतं.

"आणि बरी व्हायची का मंडळी?" कुणीतरी विचारायचंच.

"दिवे लागायच्या आत हुंदडायला लागायची. पोरांचा ताप तसाही उतरतोच की."

किश्श्यातला एक भाग मात्र बाई गाळायच्या, कारण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. डॉक्टरांच्या नावाने बोटं मोडणारे आजोबा गादी झोडपण्याआधी न चुकता डॉक्टरांना बोलावून घ्यायचे. पावसापाण्यात सायकल मारत ते म्हातारे डॉक्टर यायचे. त्यांना कधी खुर्ची मिळायची नाही. "खुर्ची कशाला? इथंच बसा, गादीवर," असं आजोबा म्हणायचे. डॉक्टर आधी पोराच्या तोंडाकडे बघायचे, चांगला वेळ बघायचे. मग खाटेचा काठ धरून सावकाश बसायचे. त्यांच्या अंगावर कायम काहीतरी दिसायचं, कधी फुटलेला ओठ, कधी गळ्यात अडकवलेला हात. यांची बायको यांना मारते, असं मुलांनी ठरवून टाकलं होतं. आजोबा म्हणायचे, "ज्याला स्वतःचं दुखणं आवरत नाही, त्याच्या गोळ्या आपण का खायच्या?"

एकदा बाईंच्या धाकट्या भावाचं फारच बिनसलं. डोळे फिरवले पोराने. त्या दिवशी आजोबांनी उशीकडची बाजूसुद्धा सोडली नाही. धाकटा वाचला. ते डॉक्टर काही पुन्हा आले नाहीत. गाव सोडून गेले, असं घरात सांगण्यात आलं.

त्या धाकट्याचा फोन आला तेव्हा बाई वॉर्डातून नुकत्या बाहेर पडत होत्या.

"चिमणी तापली आहे," तो म्हणाला. चिमणी म्हणजे त्याची मुलगी, एकुलती एक. "श्वास लागलाय तिला. तू ये, ताई."

"अरे, माझी वाट काय बघतोस? गाडी कर आणि तिला इकडे घेऊन ये."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"तिच्या आईच्या वेळेला मी तुझं ऐकलं होतं," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "आता तू माझं ऐक. हल्ली घरी येणारा डॉक्टर राहिलाय कुठे? पैसे देतो म्हटलं तरी कुणी उंबरा ओलांडत नाही. तू ये."

भावजयीला बाळंतपणासाठी शहरात आणायचा हट्ट त्यांचाच होता. चिमणी हातात आली आणि तिची आई चादरीखाली परत गेली. बाईंनी बॅगेत इंजेक्शनं भरली, ऑक्सिजनचं लहान सिलिंडर गाडीत टाकलं आणि निघाल्या. पोरीला बघायचं, गाडीत घालायचं आणि परत फिरायचं, भावाने आरडाओरडा केला तरी. एवढं ठरवूनच त्या घरी पोचल्या.

ऊन अजून अंगणात होतं. गोठा, विहीर, कोंबड्यांचं खुराडं, सगळं जिथल्या तिथे बघून त्यांना एकदम लहान झाल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. आई दारातच होती. तिने नेहमीसारखं जवळ घेतलं नाही. हातातली बॅग घेतली आणि बाजूला झाली.

चिमणी आतल्या खोलीत होती. नाकपुड्या फुललेल्या, ओठ निळसर. खोलीत बसायला काही नव्हतं. मागच्या खेपेला तिथे दोन खुर्च्या होत्या, हे बाईंच्या लक्षात आलं, पण त्यावर विचार करायला वेळ कुणाला होता?

"उभ्यानेच बघ ना," आई दारातून म्हणाली.

धाकट्याने वळून आईकडे पाहिलं.

उभ्याने कुठे छाती तपासता येते? बाई गादीवर बसल्या. पोरीला मांडीशी टेकवलं आणि स्टेथोस्कोप लावला. उजवं फुप्फुस खालपासून वरपर्यंत भरलेलं होतं. डावीकडेही सुरुवात झाली होती. असं पोर वॉर्डात आलं की बाई नर्सला नुसती मान हलवून खूण करायच्या आणि नातेवाइकांना बाहेर काढायच्या. दवाखाना दोन तासांवर होता. तेवढा वेळ हातात आहे की नाही, हे त्यांना सांगता आलं नसतं. खरं तर आलं असतं.

"सिलिंडर आण गाडीतून," त्या म्हणाल्या. "आणि हिला उचल. आत्ताच्या आत्ता."

धाकट्याने पोरीला उचललं. पण दाराकडे गेला नाही. तिला आईच्या कुशीत दिलं, बाईंना दंडाला धरून उठवलं आणि गादी ओढून काढली. चिमणीला खाटेच्या उघड्या फळ्यांवर ठेवून तो गादी खांद्यावर टाकून बाहेर पडला.

"पुरे झाली आजोबांची थेरं!" बाई त्याच्या मागून ओरडल्या. "पोरगी मरेल, कळतंय का तुला?"

तो थांबला नाही. बाईंनी गाडीची किल्ली काढली आणि चिमणीला स्वतःच उचलायला वाकल्या.

बाहेर धप्प आवाज झाला आणि कुणीतरी त्यांच्या पाठीत सोटा हाणला.

त्या खाटेवर आदळल्या. मागे वळून पाहिलं. आई भिंतीशी होती, चांगली चार हात लांब. उबळ, बाई मनात म्हणाल्या. इतका वेळ गाडी चालवली, वाकताना स्नायू धरला. त्यांनी श्वास घेतला, पुन्हा हात पुढे केले. धप्प. या वेळी फटका कमरेत बसला आणि गुडघे जमिनीवर आपटले. तिसऱ्याला बरगडी मोडली. उजवीकडची, खालून तिसरी. असे आवाज त्यांनी दुसऱ्यांच्या अंगात ऐकले होते, स्वतःच्या अंगात पहिल्यांदाच.

खिडकीचा गज धरून त्या उभ्या राहिल्या. अंगणात धाकटा पाठमोरा उभा होता. गादी वाशावर होती. त्याने सोटा डोक्यावर नेला. बाईंनी पाहिलं, सोटा गादीच्या मधोमध उतरला आणि त्याच क्षणी त्यांचा गजावरचा हात मनगटातून लोंबू लागला. त्यांच्या तोंडून निघालेली किंकाळी ऐकून कोंबड्या सैरावैरा पळाल्या. धाकट्याने वळून पाहिलं नाही.

"ताई, थोडं सोस," तो गादीकडे बघत म्हणाला. "थोडंच."

म्हणजे त्याला माहीत होतं.

याच भावाच्या गादीवर आपण दातओठ खाऊन सोटे हाणले होते. सायकलवरून येणाऱ्या त्या माणसाचा फुटलेला ओठ, गळ्यात अडकवलेला हात बाईंना आठवला.

"थांब!" त्या ओरडल्या. "थांब, तुला हात जोडते."

हात जोडायला दुसरा हात चालत नव्हता. पण तो थांबला. खिडकीशी आला. त्याचं तोंड रडून लाल झालं होतं, शर्ट घामाने अंगाला चिकटला होता.

"थांबू?" त्याने विचारलं. "तू सांगशील तसं. तू डॉक्टर आहेस. आधी तिला बघ आणि मग सांग."

बाईंनी बघितलं. चिमणीचे ओठ गुलाबी झाले होते. एका हाताने, दातांचा आधार घेत त्यांनी स्टेथोस्कोप कानाला लावला. उजवं फुप्फुस तळाशी मोकळं होतं. जिथे मघाशी पाणी भरलं होतं तिथे स्वच्छ वारा वाहत होता. औषधाला जे चार दिवस लागले असते ते इतक्यात झालं होतं. वर मात्र अजून घरघर होती. आणि त्या ऐकत असतानाच ती घरघर पुन्हा खाली उतरू लागली. बाहेर सोटा थांबला होता. मोकळी झालेली जागा एकेक बोट भरत चालली होती. पोरीचे ओठ त्यांच्या डोळ्यांदेखत निळे पडत गेले.

किल्ली जमिनीवर पडली होती. दार उघडं होतं. एकट्या बाई गाडीपर्यंत सरपटत गेल्या असत्या, कुणी अडवलं नसतं.

त्यांनी चिमणीच्या तोंडाकडे पाहिलं. नाक तिच्या आईचं होतं. बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग खाटेचा काठ धरून सावकाश खाली बसल्या.

"मार," त्या म्हणाल्या.

तो मारत सुटला.

मांडी. पोटरी. पुन्हा बरगड्या. बाईंनी स्टेथोस्कोप सोडला नाही. एकेक फटक्याला वारा एकेक बोट वर चढत होता. तोंडात रक्त आलं ते त्यांनी गिळलं, पोरीच्या अंगावर पडू नये म्हणून.

"ताई, वर?" बाहेरून आवाज आला.

"वर अजून आहे."

"उशीकडची बाजू राहिली आहे फक्त."

बाईंनी स्टेथोस्कोप पोरीच्या छातीवर आणखी वर सरकवला.

आई धावली. इतका वेळ भिंतीशी उभी असलेली आई अंगणात गेली आणि गादीच्या त्या टोकाला मिठी घालून पडली. "इथे नाही," ती म्हणाली. "इथे मी मारू देणार नाही. ही माझी पोर आहे."

"आणि ती माझी आहे, आई."

सोटा उतरला. आईच्या बोटांचा चुरा झालेला खोलीत ऐकू आला. बाईंचा कान फुटला, डोळ्यांपुढे पांढरं झालं, डोकं फळीवर आपटलं.

आईने हात काढला नाही. सोटा पुन्हा उतरला.

चिमणी खोकली. जोरात खोकली आणि उठून बसली.

"आत्या, तू खाली का बसलीस?" तिने विचारलं. "मला भूक लागली आहे."

सोटा थांबला.

बाई जमिनीवर आडव्या झाल्या. एका डोळ्याने दिसत होतं, एका कानाने ऐकू येत होतं. आपण जिवंत आहोत, हे त्यांनी नाडी न बघता मान्य केलं. धाकटा आत आला. त्याने पोरीला छातीशी धरलं आणि हमसून हमसून रडला. बाईंना राग आला नाही. पोरगी वाचली, हे एवढं मोठं होतं की त्यापुढे बाकीचं सगळं सोसता आलं असतं. आता दवाखान्यात जायचं, हात प्लास्टरमध्ये घालायचा, कँटीनमध्ये काय सांगायचं ते नंतर बघू. आईने एका हाताने त्यांच्या तोंडाला पाणी लावलं.

अंगणाचं फाटक वाजलं.

बाईंनी मान वळवली. उघड्या दारातून कुंपण दिसत होतं. कुंपणापाशी दूधवाला उभा होता. त्याच्या मागे सुतार होता, शाळेच्या मास्तरीणबाई होत्या, आणखी बरेच जण होते. ओळखीची, भली माणसं. प्रत्येकाच्या खांद्यावर एकेक गुंडाळलेली गादी होती. दूधवाल्याने दाराशी चपला काढून ठेवल्या.

"डॉक्टरबाई घरी आल्यात, असं कळलं," तो अदबीने म्हणाला. "आमचा थोरला तीन दिवस डोळा उघडत नाहीये. एक मिनिट बसल्या असत्या तर..."

"तिला उठवत नाही हो," आई म्हणाली. तिचा आवाज फाटला होता.

"छे छे, उठवायचं कशाला?"

धाकट्याने कुणाच्याच तोंडाकडे न बघता खाट भिंतीला सरकवली आणि जागा करून दिली.

मास्तरीणबाईंनी बाईंचं डोकं हलक्या हाताने उचलून धरलं, सुताराने पाय धरले. कुठेही धक्का लागू नये म्हणून सगळे एकमेकांना सांभाळून घेत होते. दूधवाल्याने थोरल्याची गादी खाली सरकवली आणि त्यांनी बाईंना तिच्यावर अलगद ठेवलं.

गादी अजून गरम होती.